घरात राहा, दारं लावा

जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन विभागातली संपदा पहिल्यांदा माझ्या ओट्यावर आली, तेव्हा तिच्या बुटांना केळीच्या वाडीतला चिखल लागला होता आणि तो झाडावा कुठे हे तिला कळत नव्हतं. “ये तशीच,” मी म्हटलं. “घर माझं, पुसणारीही मीच. दुसरं कोणी रागवायला नाही.” ती हसली. मी विनोद केला नव्हता. पण उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे माझं बोलणं लोकांना एकतर ओरडणं वाटतं नाहीतर विनोद. मधलं काही वाटतच नाही.

पोरगी साताऱ्याकडची, लग्न होऊन चंदनसारला फ्लॅटमध्ये राहणारी. आमच्या राजोडीच्या बाजूला ती याआधी एकदाच आली होती, तीही समुद्र बघायला. आता तिला आमच्या आळीत तालीम करायची होती. कसली, तर अणुअपघाताची.

“समजा,” ती म्हणाली, “वरच्या किनाऱ्यावर कुठे अणुवीज केंद्रात असा अपघात झाला. किंवा किरणोत्सर्गी सामान नेणारा ट्रक हायवेला उलटून पेटला आणि धूर इकडे आला.”

“होईल का तसं?”

“नाही हो टीचर. होऊ नये म्हणून पुष्कळ बंदोबस्त असतो. पण सगळ्या देशासाठी आराखडा केलाय, तर तो गावात चालतो की नाही हे कधीतरी करून बघायला लागतं ना.”

मग तिनं मला नीट समजावून सांगितलं, आणि खरं सांगते, चांगलं सांगितलं. मी शाळा तपासायला आलेले पुष्कळ साहेब पाहिलेत, त्यांच्यापेक्षा बरं. अशा अपघातात माणसाला पहिली बुद्धी होते ती पळायची, आणि नेमकं तेच करायचं नसतं. घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, फटींना ओली फडकी लावायची, नाकावर ओला रुमाल धरायचा आणि रेडिओ लावून गप्प बसायचं. चांगल्या भिंतीच्या घरात बसलेला माणूस रस्त्यावरच्या माणसापेक्षा कितीतरी सुखरूप. दुसरी खूण होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि कोणी आलं तरी दार उघडायचं नाही.

“आणि शेजारी कोणी एकटं असेल तर?” मी विचारलं.

“तरी नाही. कुणाला बघायला जायचं नाही, कुणाला आणायला जायचं नाही. हेच लोकांना सगळ्यात अवघड जातं.” ती म्हणाली. “दुसरी खूण झाली की मात्र चर्चच्या मैदानात बस येईल. एकट्या राहणाऱ्यांना त्या वेळी कोणीतरी शेजाऱ्यानं घरी येऊन बसपर्यंत न्यायचं. तुम्हाला न्यायला कोण येईल, टीचर? एकच नाव सांगा.”

आयुष्यभर मी पोरांना प्रश्न विचारले. उत्तर येत नसलेलं पोर छताकडे बघतं, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतं, हे मला पाठ आहे. त्या दिवशी मी स्वतः छताकडे बघत होते.

“ॲंजेला,” मी म्हटलं. “पलीकडच्या वाडीतली.”

ॲंजेला आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलो. आमची पोरं एकाच वाटीतून जेवली. भांडण म्हणाल तर आमचं कधी झालं नाही, झालं असतं तर निदान ते मिटवायला तरी कोणी आलं असतं. झालं एवढंच, की तिच्या घरात माणसं वाढत गेली आणि माझ्या घरातली कमी होत गेली. तिच्याकडे मुलगा, सून शर्ली, नातवंडं, मोगऱ्याच्या कळ्या, पहाटेचा बाजार. माझ्याकडे नवऱ्याचा, फ्रान्सिसचा फोटो. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात ती म्हणते, “येते गो एकदा सवडीनं,” आणि मी म्हणते, “ये.” तिच्या मनात खोट नाही, पण सवड काही होत नाही.

त्याच संध्याकाळी मी कुंपणाशी जाऊन तिला तालमीचं सांगितलं. ती कळ्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येन गो. त्यात काय हाय? हात धरून नेन तुला.”

आता या तालमीचं मला एवढं काय पडलं होतं, ते सांगते. माझा मुलगा कॅल्विन कॅनडात असतो. बापाच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सेला येऊन गेला, त्यानंतर त्याला जमलं नाही. उन्हाळ्यापासून त्यानं एक घोषा लावला होता. मी एकटीनं राहायचं नाही. सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात त्यानं चौकशी केली होती, खोली चांगली आहे, खिडकीतून बाग दिसते, डॉक्टर आठवड्याला येतो. नाताळात येऊन तो स्वतः मला तिथे पोचवणार होता आणि घराला कुलूप लावणार होता.

“मला बाग बघायला खिडकी कशाला?” मी म्हटलं. “माझ्या दारातच आहे.”

“आई, पॉइंट तो नाहीये. उद्या तुला काही झालं तर तुझ्या दाराशी कोण येणार? मला एक नाव सांग. फक्त एक.”

सरकारला आणि माझ्या पोराला एकच प्रश्न सुचावा, याचं मला नवल वाटलं. त्यालाही मी ॲंजेलाचंच नाव सांगितलं. तो विश्वास ठेवेना. तेव्हा मी त्याला तालमीची हकिगत सांगितली आणि रागाच्या भरात बोलून गेले, “त्या दिवशी कळेलच. मला न्यायला कोणी आलं तर वृद्धाश्रमाचं नाव काढायचं नाही. कोणी नाही आलं तर नाताळात मी स्वतः बॅग भरून तुझ्याबरोबर जाईन.”

“प्रॉमिस?”

“मी तुझ्याशी खोटं कधी बोलले?”

तर असं होतं सगळं. माझं घर त्या एका सकाळीवर टांगलेलं होतं, आणि ॲंजेलाला यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती नक्की आली असती. पण मग त्याला काय अर्थ?

तालमीचा नेमका दिवस संपदानं कोणालाच सांगितला नाही. आठवड्यात कधीही, एवढंच. खरा अपघात काय सांगून होतो? भोंगा वाजवायचा म्हणून त्यांनी एक आणून चाचणी केली, पण आमच्याकडे दुपारचा समुद्राचा वारा सुटला की भोंग्याचा आवाज भलतीकडेच जातो. शेवटी तिला चर्चची घंटा सुचली. घंटा सगळ्यांना ऐकू जाते. फादरांनी रविवारी शेवटच्या आशीर्वादानंतर तशी घोषणाही केली, म्हणजे अर्धे पुरुष मोटारसायकली चालू करत होते आणि अर्ध्या बायका उरलेल्या मासळीचा भाव करत होत्या तेव्हा.

घंटा वाजवणारा प्लासिड. पंचाहत्तरी ओलांडलेला, सांगाल तेवढंच करणारा माणूस. संपदानं त्याला सांगितलं, “काका, घाईघाईनं नको, लोक गोंधळतात. थांबून थांबून वाजवा. एक ठोका, मग जरा वेळ, मग दुसरा. आणि बराच वेळ वाजवा.” साताऱ्याकडच्या पोरीला काय ठाऊक की आमच्याकडे थांबून थांबून, बराच वेळ वाजणारी घंटा एकच असते, ती म्हणजे कोणी मेलं की वाजते ती. आणि प्लासिडला काय पडलंय? त्याच्या हाताला ती घंटा सरावाची. त्यानं मान डोलावली.

मंगळवारी सकाळी मी केळफूल सोलायला घेतलं होतं. ऑक्टोबरचं ऊन चढलं होतं, आळीत शुकशुकाट होता. पहिला ठोका पडला. मी थांबले. दुसरा पडला तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि मी क्रुसाची खूण केली. कोण गेलं असेल? तिसऱ्या ठोक्याला मला आठवलं की कोणी गेलेलं नाही, ही आपली तालीम आहे. मला आठवलं कारण मी आठवडाभर दुसऱ्या कशाची वाटच बघत नव्हते.

मग मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. खिडक्या लावल्या, पुढचं दार लावून कडी घातली, पंखा बंद केला, जुन्या लुगड्याची ओली फडकी दाराखाली सारली. रेडिओ हळू आवाजात लावला. नाकावर ओला रुमाल बांधून मी फ्रान्सिसच्या खुर्चीत बसले. जवळ बॅग तयार होती, तिच्यात औषधं, एक साडी आणि संपदानं दिलेली आयोडीनची गोळी. गोळी म्हणजे नावाला, होती लिमलेटची. खरी गोळी सांगितल्याशिवाय खायची नसते, असं ती म्हणाली होती. मीही खाल्ली नाही.

बाकीची आळी मात्र घराबाहेर आली. घंटा ऐकून कोण गेलं हे बघायला न जाणं आमच्याकडे पाप समजतात. बायका गॅस बंद करून निघाल्या, वाडीतले पुरुष पंप बंद करून निघाले, जो तो रस्त्यावर येऊन दुसऱ्याला विचारू लागला, “कोन मेला?” सांगणारं कोणी नव्हतं, कारण ज्याला ठाऊक तो प्लासिड वर घंटा वाजवत होता. आणि मग कोणाचं तरी लक्ष माझ्या घराकडे गेलं. माझ्या खिडक्या मी उठल्याबरोबर उघडते, ते थेट दिवेलागणीपर्यंत उघड्याच. आज भर सकाळी सगळं बंद. आळीनं आपल्या मनाशी उत्तर लिहून टाकलं.

माझ्या अंगणात पाचोळ्यावर पावलं वाजू लागली, एक, दोन, मग पुष्कळच. दार ठोठावलं.

“टीचर? ओ टीचर?” हा व्हिन्सेंट. चौथीत मराठीत नापास, आता पंचायतीच्या गोष्टी सांगतो.

दार उघडायचं नाही, असा नियम होता आणि मी नियम मोडणारी बाई नाही. पण लपवून काय करू, मला ऐकायचंही होतं. इतकी माणसं माझ्या अंगणात फ्रान्सिसच्या दफनानंतर पहिल्यांदाच आली होती. मी रुमाल नाकावर घट्ट धरला आणि आवाजांवरून हजेरी घेऊ लागले.

“आतून कडी हाय,” व्हिन्सेंट म्हणाला. “रेडिओ चालू हाय.”

“रेडिओ लावून बसल्या बसल्या गेली असंल बिचारी.”

“कधी दिसलेली कोनाला?”

“रविवारी मिस्सेला होती.”

“त्याच्यानंतर?”

त्याच्यानंतर कोणी काही बोललं नाही. मी दारामागून मनात म्हटलं, बोला की. सोमवारी मी दूध आणायला गेले होते, तुमच्या समोरून.

“चांगली होती हो,” कोणीतरी बाई म्हणाली. “मारायची, पन शिकवायची. माझी पोरगी आज बँकेत हाय ती तिच्यामुलं.”

“माझ्या आईच्या आजारपनात रोज पेज घेऊन यायची.”

इतकं चांगलं माझ्याबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. निरोप समारंभातसुद्धा साहेबानं माझं नाव चुकवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि रुमाल आधीच ओला होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. पण त्याचबरोबर रागही आला. पोरगी बँकेत लागली हे तू मला पेढा देऊन सांगायला आली नव्हतीस, मग आता दाराला का सांगतेस?

“कॅल्विनला कलवायला पायजे,” व्हिन्सेंट म्हणाला. “नंबर कोनाकडं हाय?”

नंबर कोणाकडे नव्हता. मग पेटी कुठून आणायची, शववाहिनीला फोन कोण करणार, मुलगा येईपर्यंत ठेवायचं की नाही, अशी बोलणी सुरू झाली. माणसं कामाला लागली की त्यांचे आवाज कसे बरे वाटतात. मी एकेकाला ओळखत होते. सगळी आळी हजर होती. ज्या आवाजासाठी मी कान लावून बसले होते तो तेवढा गैरहजर होता.

तेवढ्यात मागच्या दाराची खिट्टी वाजली. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला फट आहे. तिच्यात बोट घालून खिट्टी उचलली की दार उघडतं. ही युक्ती फ्रान्सिसला ठाऊक होती, कॅल्विनला ठाऊक होती आणि आणखी एकाच माणसाला.

ॲंजेला आत आली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. पदर खांद्यावरून सुटला होता. तिनं मला खुर्चीत, तोंडाला फडकं बांधलेली बघितली आणि दाराशीच खाली बसली.

“नाय मेलीस तू,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग दार उघडला का नाय?”

“उघडायचं नव्हतं. तालीम आहे.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता मारते. मारलं नाही. रडायला लागली. तिच्या हातात पिशवी होती, त्यातून जमिनीवर एक नवा टॉवेल आणि कागदातला कोरा साबण पडला. मला समजायला वेळ लागला नाही. फार वर्षांपूर्वी, दोघी तरुण असताना, विहिरीवर कपडे धुता धुता आम्ही ठरवलं होतं की जी आधी जाईल तिला शेवटची आंघोळ दुसरीनं घालायची, परक्या बायकांचा हात लागू द्यायचा नाही. मला ते आठवत होतं. तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

“चुलीवर पानी ठेवून आले तुझ्यासाठी,” ती नाक पुसत म्हणाली. “ऊन पानी. थंड पान्यानं तुला सर्दी होते.”

मला हसू आलं आणि तिलाही आलं. मी उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्या केसांना मोगऱ्याचा वास येत होता. त्या घडीला मला कॅल्विनची आठवण नव्हती, घराची नव्हती, कशाचीच नव्हती. माझं माणूस आलं होतं, तेही बाकीच्यांसारखं पुढच्या दारानं नाही.

मग तिनं जाऊन पुढचं दार उघडलं. “जिती हाय,” ती बाहेरच्यांना म्हणाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. “वा टीचर,” व्हिन्सेंट म्हणाला, “घाबरवलात,” आणि दोघं-तिघं हसले. पण हसून झाल्यावर कोणाला पुढे काय बोलावं सुचेना. मेलेल्या बाईच्या घरी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. जित्या बाईच्या घरी काय करायचं, ते कोणाला आठवत नव्हतं. “बसा, चहा ठेवते,” मी म्हटलं. “नको टीचर, पंप बंद टाकून आलोय.” “पोरं शाळेतून येतील.” “मग घंटा कोनासाठी वाजते?” आणि हा शेवटचा प्रश्न निघाल्यावर सगळे घाईघाईनं दुसऱ्या आळीकडे निघाले, खरं कोण गेलं ते बघायला.

“तू तरी थांब,” मी ॲंजेलाला म्हटलं.

“चुलीवर पानी उकलत असंल गो,” ती म्हणाली. तिनं टॉवेल झटकला, साबण पिशवीत परत टाकला. “आता त्यात तांदूल घालते.” आणि मागच्या दारानं गेली.

मी दार पुन्हा लावून बसले, कारण दुसरी खूण अजून झालेली नव्हती.

संपदाची त्या दिवशी दैना झाली. तिची माणसं आळीत घड्याळ लावून बघायला उभी होती, की खूण झाल्यावर रस्ते किती वेळात ओस पडतात. रस्ते गच्च भरले. ती चर्चकडे धावत गेली, प्लासिडला थांबवलं, लोकांना काय ते सांगितलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मग तालीम अर्धवट कशी सोडायची, म्हणून तिनं दुसरी खूण करवली. या वेळी घंटा सणाला वाजते तशी भराभर वाजली. बस आली.

मी रुमाल सोडला, दार उघडलं, बॅग घेऊन ओट्यावर बसले. आता ॲंजेला येईल, हात धरून नेईल. तसं तिनं कबूल केलं होतं, आणि सकाळी न बोलावता आलेली बाई बोलावल्यावर येणारच. मी पदर सारखा केला. रस्त्यानं माणसं चर्चकडे जात होती, पोरांची तर मजाच, फुकट बसमध्ये बसायला मिळणार. बराच वेळ गेला. रस्ता रिकामा झाला. मग बसच आमच्या रस्त्यानं आली, सगळ्यांना घेऊन शाळेच्या इमारतीकडे निघालेली.

तिसऱ्या खिडकीत ॲंजेला होती. मांडीवर धाकटी नात, मागे शर्ली. तिनं मला ओट्यावर बघितलं, तिचा चेहरा फुलला, आणि तिनं नातीचा हात धरून मला टाटा केला.

तिच्या मनात माझ्यासाठी काय आलं असेल ते मी सांगू शकते. सकाळी आपण हिला मेलेली समजलो होतो, आता बघा, कशी छान ओट्यावर बसलीय. काळजी मिटली होती तिची. जिवंत दिसणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं? मीही हात हलवला. बस वळणावरून गेली आणि मला इतकं एकटं वाटलं, की बॅग उचलून आत न्यायचंही सुचेना.

थोड्या वेळानं संपदा आली. तिचे बूट पुन्हा चिखलानं भरले होते, आणि या वेळी ती न झाडता सरळ पायरीवर बसली.

“टीचर, अख्ख्या आळीत एकच घर बरोबर निघालं,” ती म्हणाली. “तुमचं. दारं-खिडक्या, फडकी, रेडिओ, सगळं. लोक दार तोडायला आले होते, तरी तुम्ही उघडलं नाही, हे मला व्हिन्सेंटनी सांगितलं. कसं जमलं तुम्हाला?”

“मला कोणाकडे जायचंच नव्हतं,” मी म्हटलं. “ज्याला कोणाकडे जायचं नसतं, त्याला घरात बसायला काय लागतं?”

ती जरा हळू आवाजात म्हणाली, “आणि न्यायला? ॲंजेला मावशी आल्या होत्या ना?”

“आली होती,” मी म्हटलं. हे खरं होतं. कधी आली आणि कशासाठी, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती उठली, तुमचं नाव वर कळवते म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी कॅल्विनचा फोन आला. त्याच्याकडे सकाळ होती, मागे त्याची बायको एलिना पोरांना डबे देत होती.

“मग? झाली तुझी तालीम? आलं कोणी?”

बस वळणावरून जाताना मी ठरवलं होतं की त्याला खरं ते सांगायचं. कोणी आलं नाही. मी हरले, बॅग भरते, नाताळात ये. पण त्याच्या आवाजात, कोणी आलं नसणार याची इतकी खात्री होती, की माझ्यातली जुनी टीचर जागी झाली.

“सगळे आले,” मी म्हटलं. “अख्खी आळी अंगणात होती. ॲंजेला तर मागच्या दारानं धावत आली, पदर सुटेपर्यंत. टॉवेल-साबणसुद्धा बरोबर घेऊन आली.”

“साबण कशाला?”

“असाच. आमचं ठरलेलं आहे.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पलीकडे त्यानं मोठ्यानं श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

“थँक गॉड,” तो म्हणाला. “खरं सांगू आई, मला खूप टेन्शन होतं. रात्री झोप लागायची नाही. तू बरोबर होतीस, मी उगाच मागे लागलो. आता वृद्धाश्रमाचं नाव नाही काढणार.”

“नको काढूस.”

“आणि मग नाताळचं पण आता तसं गरजेचं नाही ना? म्हणजे मी तुला शिफ्ट करायलाच येणार होतो. इकडे सुट्टीचा पण प्रॉब्लेम आहे. पुढच्या वर्षी आरामात येऊ, सगळे मिळून. चालेल ना?”

मी वृद्धाश्रमाला नाही म्हणत होते. त्याच्या येण्याला मी कधीच नाही म्हटलं नव्हतं, पण दोन्ही एकाच गाठीत बांधलेलं होतं आणि ती गाठ मी स्वतःच सोडली होती. पोरगा येणार होता तो मला घरातून न्यायला, आणि घर वाचवलं तर तो येणारच नव्हता, एवढं साधं गणित मला फोनवर, त्याच्या तोंडून समजलं.

“चालेल,” मी म्हटलं.

“एकदम ब्रेव्ह आहेस तू,” तो म्हणाला. मागे एलिनानं त्याला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

घर माझं राहिलं. ओटा, वाडी, विहीर, खुर्ची, सगळं जिथल्या तिथे. बऱ्याच वेळानं मी खिडक्या उघडायला उठले आणि अर्ध्यातून परत फिरले. फोन घेतला आणि त्याला परत लावला. मला त्याला सांगायचं होतं की मला न्यायला कोणी आलं नाही, मी मेले असं वाटलं म्हणून सगळे आले होते. वृद्धाश्रमात तर वृद्धाश्रमात, पण तू ये.

रिंग वाजत राहिली. मग ती तुटली आणि त्याचा मेसेज आला. “मीटिंगमध्ये आहे आई. अर्जंट आहे का?”

मी चष्मा लावला, एकेक अक्षर शोधून लिहिलं, “नाही.”